दिले नव्हते ते घेतले

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात रविवारची वंदना आटोपली आणि एक मुलगी माझ्यापाशी येऊन बसली. ती जीवशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्या घराण्यात प्रयोगशाळेचे दार ओलांडणारी ती पहिलीच. तिने विचारले, "काका, मी रोज माणसाच्या पेशी वाढवते आणि काम झाले की मारून टाकते. त्यांना जे पोषण देते त्यात वासराच्या रक्तातले सीरम असते. मी पहिले शील मोडते का?"

मी विचारले, "त्या पेशी कोणाच्या?"

ती म्हणाली, "हेला."

"हेला म्हणजे कोण?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाटलीवर तेवढेच लिहिलेले असते, काका."

तिच्या प्रश्नाचे पुरे उत्तर त्या दिवशी मजजवळ नव्हते. नंतर मी वाचले, डॉक्टर मित्रांना विचारले, आणि माझ्या ध्यानात आले की तिने पहिल्या शिलाविषयी विचारले असले तरी खरा प्रश्न दुसऱ्या शिलाचा आहे. हा लेख म्हणजे तिला दिलेले उत्तर. आपल्या घराघरांतून मुलेमुली आता डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ होत आहेत. त्यांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

पेशी म्हणजे प्राणी काय?

प्रथम पहिल्या शिलाचा विचार करू. आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. शरीरातून काढलेल्या काही पेशी योग्य पोषकद्रव आणि शरीराइतकी, म्हणजे ३७ अंशांची ऊब मिळाली तर बाटलीत वाढतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा त्या होत जातात. यालाच पेशीसंवर्धन म्हणतात. अशा पेशींवर औषध घालून पाहता येते, विषाणू वाढवता येतो, लस तयार करता येते. जे विष माणसाला देऊन पाहणे पाप ठरेल ते पेशीला देऊन पाहता येते.

या पेशी मारणे ही जीवहत्या आहे काय? तथागतांनी प्राण्याची फोड पाच स्कंधांत केली: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. बाटलीतल्या पेशीजवळ यांपैकी फक्त रूप आहे. तिला मज्जा नाही, मेंदू नाही, दुःख नाही, जगण्याची इच्छा नाही. आपण अंघोळीच्या वेळी अंग चोळतो तेव्हा त्वचेच्या हजारो पेशी गळून पडतात. त्यासाठी कोणी शीलभंगाची कबुली देत नाही. शिवाय बुद्धांच्या शिकवणीत कर्माचे मोल चेतनेवर, म्हणजे करणाऱ्याच्या हेतूवर ठरते. रोग्याचे दुःख कमी व्हावे या हेतूने जी मुलगी पेशी वाढवते आणि नष्ट करते तिने कोणाचाही प्राण घेतला असे म्हणता येणार नाही. ज्या शास्त्याने आजारी भिक्षूचे मळलेले अंग स्वतःच्या हातांनी धुतले त्याच्या अनुयायांना वैद्यकसंशोधनाचे वावडे असण्याचे कारण नाही.

उलट पेशीसंवर्धनाने कितीतरी जीव वाचवले आहेत, आणि ते केवळ माणसांचेच नव्हेत. कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ती लस मेंढ्यांना रोग देऊन, त्यांच्या मेंदूपासून बनवीत. आपल्या देशात ती २००४-०५ च्या सुमारास बंद झाली आणि पेशींवर वाढवलेल्या लशी आल्या. पोलिओची लस प्रथम माकडांच्या मूत्रपिंडावर वाढवली जाई. त्यासाठी भारतातून हजारो माकडे पिंजऱ्यात घालून परदेशी पाठवली गेली. ही निर्यात १९७८ साली सरकारने बंद केली. पुढे जपानमध्ये १९६२ साली एका आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातून काढलेल्या 'व्हेरो' नावाच्या पेशींवर अनेक लशी होऊ लागल्या. कोरोनाच्या साथीत आपल्याकडे बनलेली कोव्हॅक्सिनही याच पेशींवर झाली. एका माकडाच्या पेशी हजारो माकडांच्या जागी उभ्या राहिल्या असे म्हटले तरी चालेल.

वासराच्या सीरमची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते बहुधा कत्तलखान्यात कापलेल्या गाभण गाईच्या पोटातील वासराच्या रक्तातून काढतात. येथे एक प्राणी खरोखरच मेलेला असतो. गाय सीरमसाठी मारलेली नसते हे खरे. तरी ज्या कामाला सीरमविरहित पोषकद्रव चालते तेथे ते वापरावे, निदान त्याची मागणी करीत राहावे. त्या मुलीला मी एवढेच सांगेन की हा डाग लहान आहे, पण आहे, आणि तो नाही असे स्वतःला सांगू नये.

हेला कोण होती?

आता बाटलीवरच्या त्या दोन अक्षरांकडे येऊ. 'हेला' हे एका बाईच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरे जोडून केलेले चिन्ह आहे. तिचे नाव हेनरिएटा लॅक्स. ती अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्री होती. तिचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी व्हर्जिनिया राज्यातील रोनोक येथे झाला. आई लहानपणीच वारली. क्लोव्हर नावाच्या खेड्यात आजोबांनी तिला वाढवले. ते घर म्हणजे गुलामगिरीच्या काळी गुलामांना राहायला दिलेली खोपटी होती. त्याच जमिनीवर तिने तंबाखूच्या शेतात काम केले. लग्नानंतर नवरा बाल्टिमोरजवळच्या पोलादाच्या कारखान्यात लागला आणि कुटुंब तेथे गेले. तिला पाच मुले झाली.

१९५१ च्या जानेवारीत ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. पोटात गाठ आहे, असे तिला वाटत होते. गरीब कृष्णवर्णीयांना उपचार देणारी रुग्णालये त्या भागात थोडी होती. येथेही त्यांचे वॉर्ड निराळे होते. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला. रेडियमचा उपचार करण्याआधी डॉक्टरांनी तिच्या गाठीचा एक बारीक तुकडा आणि निरोगी भागाचा एक तुकडा कापून घेतला. शस्त्रक्रियेच्या परवानगीच्या कागदावर तिची सही घेतली होती. पण शरीराचा तुकडा संशोधनासाठी घेत आहोत, हे तिला कोणी सांगितले नाही आणि घेऊ का, असे विचारले नाही.

तो तुकडा जॉर्ज गे या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत गेला. गे आणि त्यांची पत्नी मार्गारेट अनेक वर्षे माणसाच्या पेशी शरीराबाहेर जगवण्याचा प्रयत्न करीत होते. पेशी काही दिवसांत मरत. निरोगी तुकड्याच्या पेशी याही वेळी मेल्या. गाठीच्या पेशी मात्र दर २४ तासांच्या आत दुप्पट होऊ लागल्या आणि थांबल्याच नाहीत. इकडे रोगही थांबला नाही. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी, हेनरिएटा मेली. गावाकडे तिला पुरले. त्या जागी २०१० पर्यंत नावाचा दगडदेखील नव्हता.

तिच्या शवविच्छेदनाच्या वेळची एक हकीगत नमूद आहे. गे यांच्या प्रयोगशाळेत तिच्या पेशी रोज हाताळणारी एक तरुण सहायिका त्या खोलीत गेली होती. तिची नजर मृताच्या पायांकडे गेली. नखांना लाल रंग लावलेला होता आणि तो टवके उडून गेला होता. आपण इतके दिवस जे हाताळत होतो ते एका जिवंत बाईचे होते, हे त्या क्षणी तिला कळले.

तिच्या पेशींचा जगाला झालेला उपयोग सांगावा तेवढा थोडा. पोलिओची साल्क लस १९५४ साली लाखो मुलांवर तपासली गेली. त्या चाचणीसाठी याच पेशी अलाबामातील टस्कीगी संस्थेत मोठ्या प्रमाणावर वाढवल्या. तेथे काम करणारे शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ कृष्णवर्णीयच होते. याच पेशी अंतराळात पाठवल्या, याच पेशींवर किरणांचा आणि औषधांचा परिणाम पाहिला. त्यांच्यावर आधारलेले १ लाख १० हजारांहून अधिक शोधनिबंध निघाले. हॅराल्ड झुर हौसेन या जर्मन शास्त्रज्ञाने गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो हे दाखवले. १८ क्रमांकाचा तो विषाणू हेनरिएटाच्या पेशींतही सापडला. त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या ज्ञानातून लस निघाली. आज पुण्यातही ती बनते. २०२२ च्या अंदाजाप्रमाणे एका वर्षात सुमारे ८० हजार भारतीय स्त्रिया ज्या रोगाने मेल्या, त्याच्यापासून पुढच्या पिढीच्या मुली वाचू शकतील त्या याच ज्ञानामुळे.

आणि तिचे कुटुंब? आईच्या पेशी जगभर आहेत, हे मुलांना १९७३ च्या सुमारास, म्हणजे वीस वर्षांनी कळले. तेही अशासाठी की शास्त्रज्ञांना आता मुलांचे रक्त हवे होते. हेला पेशी दुसऱ्या पेशींत मिसळून प्रयोग बिघडवू लागल्या होत्या आणि त्या ओळखण्यासाठी वारसांचे रक्त तपासायचे होते. मुलगी डेबोरा हिची समजूत अशी झाली की आईचा कर्करोग आपल्यालाही आहे का, हे पाहत आहेत. ती निकालाची वाट पाहत राहिली. पेशींच्या बाटल्या बाजारात विकल्या जात होत्या आणि ज्यांच्या आईच्या त्या पेशी त्यांच्याजवळ कित्येकदा दवाखान्याचा विमा नव्हता.

दान आणि वेठ

या हकीगतीवर एक गोड पांघरूण नेहमी घातले जाते. हेनरिएटाने मानवजातीला महान देणगी दिली, असे लिहिले जाते. हे लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण विधान खोटे आहे. तिने काहीही दिले नाही. तिच्याकडून घेतले गेले.

दुसऱ्या शिलाचे शब्द आपण रोज म्हणतो. त्याचा अर्थ आपण 'चोरी करणार नाही' एवढाच घेतो. पण शिलाचे मूळ शब्द चोरीविषयी नाहीत. जे दिलेले नाही ते घेण्यापासून मी दूर राहीन, असे ते शील आहे. यात मालकी कोणाची, किंमत किती, कायदा काय म्हणतो, हे काहीच विचारलेले नाही. विचारलेले आहे ते एवढेच: दिले होते काय? दिले असेल तर मोठ्यात मोठी वस्तूही घ्यावी. दिले नसेल तर नाण्याएवढा मांसाचा तुकडाही घेऊ नये.

देणे म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. देणाऱ्याला आपण काय देतो हे ठाऊक असावे लागते. आणि त्याला 'नाही' म्हणता यावे लागते. या दोहोंपैकी एक जरी नसले तरी ते दान होत नाही. आपल्या लोकांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. गावाचे ओझे वाहणे, मेलेले ढोर ओढणे, रात्रीअपरात्री निरोप घेऊन पळणे, याला गावाने कधी सेवा म्हटले, कधी धर्म म्हटले, कधी परंपरेने मिळालेला मानही म्हटले. आपण त्याला वेठ म्हणतो, कारण तेथे 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती. नाव गोड दिल्याने वेठीचे दान होत नाही.

त्या रुग्णालयातील अनेक डॉक्टरांचा त्या काळचा समज असा होता की रुग्णाला उपचार फुकट मिळतात, तेव्हा संशोधनासाठी त्याचा उपयोग करून घेणे ही त्याची परतफेड आहे. म्हणजे शेरभर धान्यावर वर्षभर राबवून घेण्याचाच हा हिशेब. फरक एवढाच की येथे राबवले गेले ते शरीर होते आणि राबणाऱ्याला आपण राबतो आहोत हेही माहीत नव्हते.

चार आक्षेप

यावर चार आक्षेप घेतले जातात आणि त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे.

पहिला आक्षेप: त्या काळी कोणीच विचारत नसे. गोऱ्या रुग्णांच्या पेशीही न विचारता घेत. हे खरे आहे, आणि म्हणून त्या डॉक्टरांना राक्षस ठरवण्याचे कारण नाही. पण विचारावे, ही कल्पनाच तेव्हा नव्हती, असे मात्र नाही. १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांच्या खटल्यात न्यायाधीशांनी सांगून ठेवले होते की माणसावर प्रयोग करण्यास त्याची स्वेच्छेची संमती अत्यावश्यक आहे. आणि रूढी हे नीतीचे प्रमाण असते तर आपण आजही गावकुसाबाहेर असतो.

दुसरा आक्षेप: तो तुकडा टाकूनच द्यायचा होता, त्याने तिचे काय गेले? तिच्या अंगातून रक्ताचा थेंबही जास्त गेला नाही, हे मान्य. पण पुढे त्याच तुकड्याच्या पेशी विकून लोकांनी पैसा केला, म्हणजे तो टाकाऊ नव्हता. कॅलिफोर्नियात जॉन मूर नावाच्या रुग्णाच्या प्लीहेतील पेशींवर डॉक्टरांनी १९८४ साली पेटंट घेतले. मूरने दावा लावला. १९९० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की काढलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी नाही, पण डॉक्टरांनी आपला स्वार्थ त्याला सांगावयास हवा होता. मालकीचा वाद वकिलांनी घालावा. आपल्याला पुरेसे आहे ते दुसरे वाक्य: सांगावयास हवे होते.

तिसरा आक्षेप: गे यांनी एक पैसाही घेतला नाही, ज्याने मागितल्या त्याला पेशी फुकट वाटल्या. खरे आहे, आणि ते गे यांना शोभणारे आहे. त्यांना लोभ नव्हता. पण अलोभ हा दुसऱ्याच्या वस्तूच्या बाबतीत दाखवता येत नाही. दुसऱ्याच्या शेतातले धान्य कोणी गरिबांना वाटले तर गरिबांचे पोट भरेल, पण वाटणारा दाता ठरणार नाही.

चौथा आक्षेप सर्वांत जड आहे, कारण तो आपल्याच शब्दांत येतो: बहुजनांचे हित झाले ना? कोट्यवधी मुले पोलिओपासून वाचली. एका बाईला विचारले नाही म्हणून एवढे मोठे हित तुम्ही नाकारणार काय?

नाही, नाकारणार नाही. पण मी उलट विचारतो: विचारले असते तर हित अडले असते काय? तिला सांगितले असते की बाई, या रोगाने तुमच्यासारख्या अनेकजणी मरतात, तुमच्या गाठीचा तुकडा मिळाला तर आम्ही शिकू, तर पाच मुलांची ती आई नाही म्हणाली असती असे मला वाटत नाही. ती मेल्यावर शवविच्छेदनाला नवऱ्याने आधी नकार दिला होता. त्यातून पुढे मुलांना उपयोग होईल, असे सांगितल्यावर तो तयार झाला. न विचारणे हे हितासाठी आवश्यक कधीच नव्हते. तिला विचारावे इतकी ती कोणी आहे, असे वाटले नाही, एवढेच.

दुसरे असे की बहुजनांच्या हितासाठी कोणाचे शरीर खर्ची पडते ते पाहा. ज्या टस्कीगीत या पेशी वाढवल्या त्याच टस्कीगीच्या परिसरात १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्यखात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा अभ्यास चालवला होता. त्यांतील ३९९ जणांना तो रोग होता. पेनिसिलिन निघाल्यावरही त्यांना ते दिले नाही, कारण रोग शेवटपर्यंत कसा वाढतो ते पाहायचे होते. १९५० च्या दशकात हेला पेशी टोचून पाहण्यासाठी निवडले गेले ते आधीच कर्करोगाने आजारी असलेले रुग्ण आणि ओहायोच्या तुरुंगातील कैदी. १९६३ साली ब्रुकलिनच्या एका रुग्णालयात जराजर्जर रुग्णांना, आत काय आहे हे न सांगता, कर्करोगाच्या पेशी टोचण्याचा बेत झाला. तेव्हा तेथील तीन तरुण ज्यू डॉक्टरांनी ते काम करण्यास नकार दिला. त्यांना न्यूरेंबर्गची आठवण होती. ज्यांच्या लोकांनी सोसले होते त्यांनाच ते प्रथम दिसले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बहुजनांचे हित ही तथागतांची आज्ञा आहे. पण ज्यांचे शरीर वापरावयाचे ते बहुजनांत मोजायचेच नाहीत, असा तिचा अर्थ होत नाही.

अमर कोणी नाही

हेला पेशींना वर्तमानपत्रे अमर म्हणतात. आई बाटल्यांतून जिवंत आहे आणि प्रयोगात तिला दुखत तर नसेल, ही चिंता तिच्या मुलीला अनेक वर्षे छळत होती. या दुःखावर खरे सांगणे हाच उपाय आहे. हेनरिएटा त्या पेशींत नाही. सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा विभागून थांबते, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवले. कर्करोगाच्या पेशीत ती मर्यादा मोडलेली असते. पण तीही बदलत जाते. आजच्या हेला पेशींतील गुणसूत्रे माणसाच्या ४६ गुणसूत्रांहून कितीतरी अधिक आहेत आणि एका प्रयोगशाळेतल्या पेशी दुसरीतल्या पेशींहून वेगळ्या झाल्या आहेत. पोषकद्रव घालणारा हात काही दिवस थांबला तर त्या मरतात. कारणे आहेत तोवर प्रवाह आहे. यात नित्य असे काही नाही आणि आत्मा तर नाहीच.

म्हणूनच ऋण पेशींचे नाही, ते त्या बाईचे आणि तिच्या पश्चात राहिलेल्या माणसांचे आहे. बाटलीला नमस्कार करून ते फिटत नाही.

आपल्याकडे काय?

हे अमेरिकेत घडले म्हणून आपण नुसते हळहळून चालणार नाही. ज्या विषाणूने हेनरिएटाचा घास घेतला त्याच विषाणूविरुद्धची लस २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात, जो आता तेलंगणात आहे, सुमारे १४ हजार मुलींना एका प्रकल्पात टोचण्यात आली. त्यांतील पुष्कळ आदिवासी होत्या, वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. अनेक मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांची सही नव्हती. वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या. प्रकल्पाच्या काळात काही मुली दगावल्या. त्यांच्या मृत्यूचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. लस चांगली आहे, आपल्या मुलींना ती मिळावी, असेच मी म्हणेन. पण २०१० साली तो प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने संमतीच्या या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. चांगली वस्तूदेखील न विचारता दिली की लोकांचा तिच्यावरचा विश्वास उडतो, आणि त्याचे नुकसान पुन्हा गरिबांच्याच मुलींना होते.

मला माझी आई आठवते. मी शाळेत होतो. पोटात दुखते म्हणून तिला एका मोठ्या रुग्णालयात नेले. तपासणीसाठी तुकडा काढायचा होता. एकाने तिच्या अंगठ्याला शाई लावली आणि इंग्रजी कागदावर तो टेकवला. कागदात काय आहे ते मी वाचून सांगतो, असे मी म्हणालो, तर तो हसला. आईनेच मला दटावले, "आरं गप. फुकाट औषिद देत्यात, त्यास्नी काय इचारायचं?" त्या कागदात वाईट काही नसेलही. पण फुकट घेणाऱ्याने विचारू नये, हे आईला कोणी शिकवले होते? आणि बाल्टिमोरच्या डॉक्टरांनाही तेच कोणी शिकवले होते?

मग करावे काय?

विज्ञान सोडावे, असे कोणी सुचवले तर ते आपल्याला मान्य होण्यासारखे नाही. हेला पेशी नष्ट कराव्यात, हेही नाही. घडून गेलेले न घडलेले करता येत नाही. पण तीन गोष्टी करता येतात.

एक, विचारणे. आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची नियमावली आहे. संशोधनासाठी रक्त वा पेशी घेताना माणसाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, लिहितावाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार असावा, नकार दिल्याने उपचारात फरक पडू नये, असे त्यात आहे. नियम कागदावर आहेत. ते वॉर्डात उतरवणे आपल्या शिकलेल्या मुलांचे काम आहे.

दोन, नाव सांगणे. अनेक वर्षे हेनरिएटाचे नाव 'हेलन लेन' असे खोटेच छापले जात होते. खरे नाव १९७१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचा मरणोत्तर सन्मान केला. २०२३ साली रोनोकमध्ये तिचा पुतळा उभा राहिला, आणि तोही अशा चौकात, जेथे पूर्वी गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापती ली याचे स्मारक होते.

तीन, वाटा देणे आणि निर्णयात घेणे. २०१३ च्या मार्चमध्ये हेला पेशींचा पूर्ण जनुकीय आराखडा पुन्हा न विचारताच प्रसिद्ध झाला. कुटुंबाने हरकत घेतली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्यांच्याशी करार केला. ती माहिती कोणाला द्यायची हे पाहणाऱ्या समितीत कुटुंबातील दोघांना घेतले. कुटुंबाने संशोधन बंद पाडले नाही. त्यांनी परवानगी दिली. बासष्ट वर्षांनी प्रथमच त्यांना विचारले गेले आणि प्रथमच ते दान झाले. २०२१ साली एका मोठ्या कंपनीवर वारसांनी लावलेला दावाही २०२३ मध्ये तडजोडीने मिटला.

हे सारे मी त्या मुलीला सांगितले. तिने पेशींचे काम सोडले नाही, आणि सोडू नये असेच मीही म्हणालो. तिने आपल्या प्रयोगाच्या वहीत पहिल्या पानावर हेनरिएटा लॅक्सचे नाव, जन्म आणि मृत्यूच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत.

काही महिन्यांनी ती पुन्हा विहारात आली. तिच्या विभागाच्या एका कामासाठी वस्तीतील बायांचे रक्त घ्यायचे होते. तिने संमतीपत्र मराठीत समजावून सांगितले, एकेका बाईजवळ बसून. एक म्हातारी सगळे ऐकून म्हणाली, "नको बाई, मला नाही द्यायचं." मुलीने "बरं आजी" म्हटले, कागद बाजूला ठेवला आणि त्यांचा रक्तदाब तपासून दिला. बाकीच्या बायांनी ते पाहिले आणि मग आपापला हात पुढे केला.

"त्या आजींचे रक्त मिळाले नाही," ती मला म्हणाली, "पण बाकीच्यांनी खरंच दिलं, काका."